ओल्या कोंड्याचा उजेड, ओल्या सॉकेटची वीज

कोंड्याचा मंद उजेड मोजणाऱ्या नळीचा काउंट, म्हणजे मोजलेल्या प्रकाशकणांचा आकडा, शटर बंद असतानाही चढतो, हे अखेर पकडले. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाच्या ताज्या कोंड्यात पाणी सोडले की उजेड वाढावा, हे अपेक्षितच होते: ओलाव्याने लायपेज आणि लायपॉक्सिजनेज ही विकरे कामाला लागतात, तेलाचे ऑक्सिडीकरण वेग घेते आणि त्यात निर्माण होणाऱ्या उत्तेजित कार्बोनिल रेणूंपैकी अगदी मोजके रेणू ३५० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश सोडतात, जो आपल्या बायअल्कली (प्रकाश टिपणाऱ्या थराचा एक प्रकार) नळीला बरा दिसतो. उकड्यात मात्र उष्णतेने ही विकरे निकामी झालेली असतात. तरीही उकड्याचा कोंडा, एवढेच नव्हे तर भाजून रात्रभर अंधारात ठेवलेली वाळूही, पाणी पडताच सारखीच ‘उजळत’ होती.

दोष थंडाव्याचा निघाला. डार्क काउंट, म्हणजे पूर्ण अंधारातही नळी दाखवते तो आकडा, उतरावा म्हणून पेल्टियरने (विजेवर थंड होणाऱ्या चकतीने) नळी १० अंशांवर ठेवली होती, आणि जुलैत मालवणात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. कप्प्यात पाणी सोडले की वाफ सॉकेटपर्यंत जाई, पिनांवर ओल धरे आणि हजारेक व्होल्टचा दाब त्या ओलीतून गळू लागे. इटलीत कोल्ली आणि फाकिनी या संशोधकांनी १९५४ मध्ये अंकुरणाऱ्या धान्याचा उजेड मोजला खरा, पण कोकणातला आषाढ त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

आता पेल्टियर बंद आहे, सॉकेट सिलिकॉनमध्ये बुजवले आहे आणि मध्ये क्वार्ट्झची काच आहे. ओल शोषणारे सिलिका जेल निळे, रंग बदलणारेच घ्यावे. पांढरे केव्हा संपले ते कळत नाही. डार्क काउंट वाढला, पण स्थिर आहे. वाळू सपाट, उकडा जवळजवळ सपाट आणि सुरय सावकाश चढून सावकाश उतरणारा: हा आलेख मी पुन्हा पुन्हा पाहिला.

पुढे नाचणीचे पीठ घेणार होतो, पण त्याआधी ऑक्सिजन काढून पाहणे भाग आहे. त्यासाठी टायरवाल्याकडचा नायट्रोजन पुरेसा शुद्ध नसतो. बोटींचे स्टील जोडणाऱ्या वेल्डरकडचा आरगॉन बरा. हे लिहितानाच ध्यानात आले, की कोरडा वायू कोंडाही सुकवील आणि उजेड ऑक्सिजनअभावी घटला की ओलाव्याअभावी, हे ठरवता येणार नाही. म्हणून हवा आणि आरगॉन दोन्ही पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत आळीपाळीने सोडीन, नाचणी त्यानंतर.