सूज कधी आली?

कबड्डीच्या मैदानावर कुणी पडलं की चौघे धावतात. एक जण स्प्रे मारतो, दुसरा पाय ओढतो, तिसरा चोळायला बसतो आणि चौथा म्हणतो, "काय झालं नाही रे, ऊठ, चाल जरा." मी क्रीडाशिक्षक. सातारा जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांना बर्फाची पेटी घेऊन कडेला बसलेला असतो. या चौघांना बाजूला सारणं हे माझं पहिलं काम.

मग पोराला विचारायचं: नेमकं काय झालं, आवाज आला का, आणि नंतर, सूज कधी आली? "किती दुखतंय?" हे मी सगळ्यात शेवटी विचारतो. त्यावरून फारसं काही कळत नाही. मांडीत कुणाचा गुडघा बसला की पोरगं आकाशपाताळ एक करतं आणि थोड्या वेळाने परत चढाईला जातं. गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेली मुलगी मात्र लंगडत का होईना, आपल्या पायाने कडेला येऊन बसते.

ही गुडघ्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण पोरींचं खेळणं इथेच थांबतं. बोनस मारून ती गर्रकन मागे वळते. पाऊल मॅटवर रोवलेलं, अंग फिरलेलं. बऱ्याचदा तिला कुणी धरलेलंही नसतं. 'कट्' असा आवाज येतो, आणि तास-दोन तासांत गुडघा टम्म फुगतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे आत रक्त साकळलंय. एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या मुख्य लिगामेंटची, शंका आलीच पाहिजे. एक्स-रे काढतात, तो चांगला येतो, घरचे देवाला नारळ फोडतात. पण एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट नाही! दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, ती सरळ चालते, जिना चढते, सरावाला येते आणि पुन्हा वळताना म्हणते, "सर, गुडघा निसटल्यासारखा झाला." हे वाक्य ऐकलं की मी तिचा खेळ तिथेच थांबवतो आणि पालकांना एमआरआयचं सांगतो. गुडघा जितक्या वेळा निसटेल तितकी दोन हाडांमधली गादी फाटायची भीती. नुसती गादी फाटली असेल तर सूज सावकाश, बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते. उकिडवं बसवत नाही आणि गुडघा मध्येच अडकतो.

घोटा मुरगळणं रोजचंच. तिथे हाड मोडलंय का, एवढंच बघायचं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी यासाठी १९९२ मध्ये मांडलेले नियम शाळेच्या मैदानावरही चालतात. चार पावलंही टाकता येत नाहीत का? घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला, टोकाला दाबून दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध जो उंचवटा लागतो तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर? यातलं काहीही असलं तर एक्स-रे. लहान मुलांत आणि शंका असेल तिथे मी तसाही पाठवतोच.

बोटांकडे मात्र कुणी बघत नाही. कोपऱ्यावरच्या गड्याने चड्डी धरली, चढाईवाला झटका देऊन सुटला, आणि धरणाऱ्याची अनामिका कळवळली. बोट सरळ दिसतं, थोडंसं सुजलेलं. पोरगं चिकटपट्टी गुंडाळून पुढची पकड करायला मोकळं. मी त्याचं मधलं पेर दोन बोटांत घट्ट धरतो आणि म्हणतो, आता फक्त टोक वाकव. नाही वाकलं तर कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडापासून सुटलाय. हा कंडरा तळहाताकडे मागे सरकतो, म्हणून आठवड्याच्या आत हाताचा सर्जन गाठायचा. महिन्याने गेलात तर काम फार अवघड होऊन बसतं. उलट बोटाचं टोक खाली लोंबत असेल आणि सरळच होत नसेल, तर बोटाच्या पाठीवरचा कंडरा गेला. त्याला बहुधा टोक सरळ धरणारी कडक पट्टी पुरते, पण सहा-आठ आठवडे, अंघोळीतसुद्धा टोक वाकू न देता. बोट ओढून 'बसवायची' हौस असलेला एक काका प्रत्येक गावात असतो. त्याला चहा पाजावा, पण बोट देऊ नये.

मांडीच्या मुक्या माराला आंबेहळदीचा लेप लावा, माझी हरकत नाही. चोळू नका, गरम तेल तर नकोच. आतला रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित त्या गाठीत चक्क हाड तयार होतं.

काही दुखापतींना 'कधी लागलं' याचं उत्तरच नसतं. २००४ मध्ये सचिनमुळे टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, घराघरांत पोचला, तो त्याच जातीचा. आमच्याकडे अशी दुखापत पोलीस भरतीवाल्या पोरांत बघायला मिळते. सोळाशे मीटरसाठी डांबरी रस्त्यावर रोज पहाटे पळायचं, फाटक्या बुटात. नडगी दुखायला लागते. मी विचारतो, बोटाने दाखव कुठे. वीतभर हात फिरवला तर पळणं कमी करून, बूट बदलून बघता येतं. पण नेमक्या एकाच जागी बोट ठेवून चेहरा आक्रसला, तर हाडाला तडा गेला असू शकतो, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही. "सर, भरती पुढच्या महिन्यात आहे" यावर माझ्याकडे उत्तर नसतं. डॉक्टरकडे मात्र पाठवतो.

डोक्याला मार लागला तर बेशुद्धच पडायला हवं असं नाही. पोरगं विचारतं, "स्कोअर किती झाला?" मी सांगतो. मिनिटाभराने तेच विचारतं. बस, त्या दिवसाचा खेळ संपला. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. शेवटच्या पाच मिनिटांत कॅप्टन येऊन गयावया करतोच, "सर, एकच चढाई." म्हणून त्या गड्याचे बूट मी आधीच माझ्या पिशवीत टाकतो आणि चेनला कुलूप लावतो.