पहाटेचा नमुना आणि दुपारचा नमुना

एकाच जागेवरून एकाच दिवशी घेतलेले पाण्याचे दोन नमुने परस्परविरुद्ध निघाले आणि दोन्ही खरे होते. पंचगंगेवरचा मे महिन्यातला तो दिवस माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शिरोळ तालुक्यातील एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून मच्छीमारांचा फोन आला, 'मॅडम, मासं वर येऊन तोंड उघडाय लागल्यात, लवकर या.' मी पोहोचले तेव्हा नुकते उजाडत होते. बरगे, म्हणजे बंधाऱ्याची दारे बंद करणाऱ्या फळ्या, घातल्यामुळे पाणी अडून राहिले होते आणि शेवाळाने हिरवे झाले होते. रोहू आणि कटला काठाला मरून पडले होते, मरळ मात्र जिवंत होते. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे विषारी द्रव्यापेक्षा पाण्यातला प्राणवायू संपल्याचा संशय मला अधिक आला.

विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर नुसती बाटली भरून प्रयोगशाळेत नेणे उपयोगाचे नसते, कारण वाटेत तिच्यातले जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवत राहतात. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा आत न राहू देता भरायची, काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि त्यामागोमाग अल्कलीयुक्त आयोडाइड-अझाइड सोडायचे, बूच लावून ती खालीवर करायची आणि साका बसू द्यायचा. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. माझ्या बाटलीतला साका दुधासारखा पांढरा होता.

रीतसर नमुना घेणारे पथक दुपारी तीनच्या सुमारास आले. रात्रभर शेवाळ, मासे आणि सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू मिळून पाण्यातला प्राणवायू खर्च करतात आणि ऊन चढले की तेच शेवाळ तो पुन्हा भरून काढते, म्हणून अडलेल्या पाण्याची सर्वांत वाईट वेळ पहाटेची असते. दुपारच्या नमुन्यात प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर निघाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम धरलेले आहेत, त्यामुळे अहवालावर 'समाधानकारक' असा शेरा पडला. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याची, चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. तिचा आकडा हाती आला तोवर मेलेले मासे पुरूनही झाले होते.

पथकाने कामात कसूर केली नाही आणि त्यांची मोजणी अचूक होती, हे मी आवर्जून सांगते. परंतु दिवसभराच्या फेरीत गाडी ज्या वेळी पोहोचेल तीच नदीची वेळ मानणारी व्यवस्था मला मान्य नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असते, पण अंतिम तक्त्यात तिला रकानाच नसतो. माझ्या पहाटेच्या बाटलीची तर कोठे नोंदही झाली नाही, कारण तो दिवस आमच्या ठरलेल्या वेळापत्रकात नव्हता.

अहवाल आल्यावर मच्छीमारांनी विचारले, 'रिपोर्ट चांगला आलाय, तर मग मासं मेलं कशानं?' मी त्यांना शेवाळाचा दिवसरात्रीचा हिशेब सांगितला. तो त्यांना लगेच पटला, कारण उन्हाळ्यात मासे पहाटेच वर येतात हे ते लहानपणापासून पाहत आले आहेत. एप्रिल आणि मे महिन्यांत बंधाऱ्यांमागच्या पाण्याचा एक नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा आणि अहवालात वेळ छापावी, अशी लेखी मागणी मी केली आहे. तिच्यावर अजून निर्णय झालेला नाही.