लॉट तपासताना बॅरल पुसायची कधी?

.22 रायफलसाठी काडतुसांचे दोन-तीन लॉट (एकाच वेळी बनलेले गठ्ठे) तपासायला घेतले की एक चूक हमखास होते. प्रत्येक लॉटनंतर बॅरल लख्ख पुसली जाते. सगळ्या लॉटना सारखी संधी मिळावी, हा हेतू चांगलाच. पण पुसलेल्या बॅरलमधून सुटणाऱ्या पहिल्या पाच-दहा गोळ्या जागेवर बसत नाहीत, आणि नेमक्या त्याच ग्रुपमध्ये, म्हणजे कागदी लक्ष्यावरच्या भोकांच्या पुंजक्यात, मोजल्या जातात. मग ग्रुप पसरला तो लॉटमुळे की पुसायच्या चिंदीमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

मॅचची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे साधारण 2.6 ग्रॅमची. उघडं शिसं, वर मेणचट वंगण. हे वंगण नळीभर पसरून त्याचा पातळ थर एकदा जमला की पुढच्या प्रत्येक गोळीला घर्षण सारखं मिळतं. पुसलं की थर गेला. ब्रँड बदलला की वंगण बदलतं, आणि जुन्या थरावर नवं बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. म्हणून एकाच ब्रँडचा लॉट बदलताना पाच गोळ्या बाजूच्या कागदावर मारल्या तरी पुरतात. ब्रँडच बदलला तर आधी दोन ओल्या आणि दोन कोरड्या चिंद्या, मग पंधरा ते वीस गोळ्या. काडतुसं महाग आहेत हे खरं, पण या वीस वाचवल्या तर पुढच्या चाळीस फुकट जातात.

एकाच ब्रँडचे तीन लॉट असतील तर क्रम असा: स्वच्छ बॅरल, 'अ'च्या दहा गोळ्या वाया, मग 'अ'चे दहा-दहाचे दोन ग्रुप. नंतर 'ब'च्या पाच वाया आणि दोन ग्रुप, 'क'चंही तसंच. मधे चिंदी नाही, स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रूही सैल करायचे नाहीत. शेवटी 'अ'च्या पाच वाया घालवून आणखी एक ग्रुप. एकूण 95 गोळ्या, म्हणजे 50ची दोन खोकी झाली तेवढी. सगळ्यात महत्त्वाचा तो शेवटचा ग्रुप. तो 'अ'च्या पहिल्या दोघांसारखाच आला तर बॅरल मधल्या काळात बदलली नाही. स्पष्ट मोठा आला तर त्या दिवसाचे कागद बाद समजा, 'क' कितीही वाईट दिसत असला तरी. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा: 'क', 'ब', 'अ'. मग प्रत्येक लॉटचे दहाचे किमान चार ग्रुप हाती येतात.

पाच-पाचच्या ग्रुपवर विसंबू नका. पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी 12 मि.मी.चा देणारा लॉट दहाला 15 मि.मी.च्या आसपास जातो. त्यात नवल काहीच नाही. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मि.मी.चं आणि गोळीचं भोक 5.6चं. भोक वर्तुळाला शिवलं तरी दहा गुण, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत 16 मि.मी.च्या गोल ग्रुपमध्ये, साइट नीट बसलेली असेल तर, सगळे दहा पडू शकतात. पण फायनल दशांशांत मोजतात. स्वप्नील कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर कांस्य घेतलं, तिथे नुसतं शिवून भागत नाही. ग्रुप उभा लांबत असेल तर वेगातल्या फरकावर आधी संशय घ्या: सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला की 50 मीटरवर गोळी सुमारे 8 मि.मी. वर-खाली जाते.

आता पुसण्याची रीत. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढा, मागून बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) बसवा आणि एकसंध, आवरण असलेला रॉड घ्या. तुकडे जोडून केलेल्या रॉडच्या सांध्यात कण अडकतात आणि तेच रायफलिंगवर (नळीतल्या पीळदार खाचांवर) घासतात. चिंदी मागून पुढे ढकलायची, तोंडातून बाहेर आली की काढून टाकायची आणि रॉड मोकळा मागे घ्यायचा. मळकी चिंदी क्राउनवरून मागे ओढायची नाही. तोंडाची ती कड एका बाजूने झिजली तर कुठलाच लॉट बरा दिसणार नाही.

चिंदीकडे बघायची सवय लावा. काळपट राखाडी म्हणजे जळलेली दारू. चंदेरी ठिपके म्हणजे शिसं. तांबूस तपकिरी म्हणजे गंज. हिरवट-निळसर डाग दिसले तर बॅरलमध्ये तांबं साचलंय म्हणून घाबरू नका, ही गोळी तांब्याची नाहीच. सॉल्व्हंट तुमचा ब्राँझचा ब्रश खातोय.

खरा त्रास चेंबरच्या लगेच पुढे असतो. रायफलिंग सुरू होतं तिथे कार्बनचं कडं धरतं, तव्याला जळकं धरावं तसं कडक. बाकी नळी चकचकीत, पण घट्ट चिंदी पहिल्या इंचभरात अडते आणि मग एकदम सुटते. ते हाताला कळतं. बोल्ट बंद करताना जोर लागू लागला, अधूनमधून एखादी गोळी विनाकारण बाहेर जाऊ लागली, की तिथेच बघायचं. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंदी तिथे नेऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग ब्राँझचा ब्रश, मग कोरड्या चिंद्या. हे काम चाचणीच्या आदल्या दिवशी उरका. चेंबर शेवटी पूर्ण कोरडं हवं. तिथे तेल राहिलं तर काडतुसाची भिंत चेंबरला धरत नाही आणि बोल्टवरचा ताण वाढतो.

गोव्यात यावर पावसाळा आहे. मृगापासून चवथीपर्यंत हवा ओली, किनाऱ्याकडे त्यात खारा वारा. कोरडी ठेवलेली क्रोमोली स्टीलची बॅरल एका रात्रीत तांबूस चिंदी देऊ शकते. म्हणून रेंजवरून आल्यावर तेलाची एक हलकी चिंदी, आणि पुढच्या वेळी मारण्याआधी दोन कोरड्या. स्पंजच्या केसमध्ये रायफल मुक्कामाला ठेवू नका, स्पंज ओल धरून ठेवतो. एसी गाडीतून थेट रेंजवर काढली की थंड धातूवर दव धरतं. केस बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या. काडतुसांचंही तेच. आणि तेलाच्या हातांनी काडतुसं भरू नका. गोळीवरचं वंगण बोटांना लागलं की त्या गोळीचा हिशेब वेगळा झाला.