आमची वाटचाल : ग्राहकाच्या हातातला सर्व्हर

पुण्यात आम्ही होस्टिंगचा, म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्व्हरवर ठेवण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा सर्व्हर अमेरिकेतले, तेही भाड्याचे. त्यांवरची जागा आम्ही ठराविक पॅकेजांत विकायचो. कुणाला नुसती रॅम कमी पडली तरी पुढचं अख्खं पॅकेज घ्यावं लागे. नको असलेली डिस्क आणि कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली गणनेची एककं, सोबत गळ्यात पडत. बदल हवा तर ग्राहकाचा फोन, मग तिकीट, म्हणजे कामाची नोंद, मग रात्री सर्व्हर बंद ठेवून काम.

ॲमेझॉनने २००६ साली तासाच्या भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये केव्हीएम, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याची सोय, मोफत लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात आली आणि परवान्याचा खर्च न करता स्वतःचं क्लाउड उभं करणं लहान कंपनीच्याही आवाक्यात आलं. आम्ही नवी मुंबईत, महापेला सर्व्हर ठेवायचा रॅक घेतला आणि सगळा जीव पॅनेलवर, म्हणजे ग्राहक स्वतःच सर्व्हर सांभाळतो त्या वेबपानावर लावला.

कोअर, रॅम, डिस्क हे तिन्ही वेगवेगळे निवडायचे; आकडा बदलला की शेजारी तासाचा दर बदलतो. रत्नागिरीचे एक बागायतदार वेबसाइटवर हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घेतात. वर्षभर त्यांना दोन कोअर, चार जीबी पुरतात. पाडव्याच्या सुमारास ते स्वतःच आठ कोअर, सोळा जीबी करतात, एकदा रीस्टार्ट करतात, झालं. पावसाळा लागला की पुन्हा खाली आणतात. आम्हाला हे फक्त बिलावरून कळतं, आणि मला त्याचंच समाधान आहे.

डिस्कचं मात्र तसं नाही. ती वाढवणं सोपं. कमी करणं अवघड. डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात; त्यातली एक्सएफएस व्यवहारात लहान करता येत नाही, ईएक्सटी४ करता येते पण आधी अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून सोडवावी लागते. म्हणून तात्पुरता डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या स्वतंत्र डिस्कवर ठेवा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. काम संपलं की व्हॉल्यूम काढून टाकायचा, भाडं तिथेच थांबतं.

बंद ठेवलेल्या सर्व्हरचे कोअर आणि रॅमचे पैसे आम्ही घेत नाही, डिस्क आणि आयपीचे, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे घेतो. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४ पत्ते दुर्मिळ झालेत. आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या टप्प्यात गेला. ग्राहकाला हे कारण सांगितलं की तो हुज्जत घालत नाही.

पॅनेलमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय म्हणजे ब्राउझरमधला कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा थेट पडदा आणि कीबोर्ड. फायरवॉलचा, म्हणजे नको ती जोडणी अडवणाऱ्या भिंतीचा नियम चुकला आणि एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची नेहमीची वाट बंद झाली, तरी माणूस मध्यरात्री आमच्या सपोर्टची वाट न पाहता आत शिरून तो नियम काढू शकतो.

सध्या पॅनेल मराठीत आणतोय. सगळ्यात आधी केल्या त्या दोन सूचना: डिस्क वाढवण्यापूर्वीची आणि सर्व्हर कायमचा पुसण्यापूर्वीची.