काकवीचा पिवळा, लिंबाचा पिवळा

मंडळी, तीन आठवडे डोकं पिकवणारा पिवळा परवा रात्री अखेर सापडला!

खानापूर तालुक्यातल्या चर्चसाठी मास्तरांच्या स्मरणार्थ मी रंगीत काचेची (स्टेन्ड ग्लास) खिडकी करतोय. खालच्या पट्ट्यात ज्वारीची कणसं आहेत. समोरून काळ्या रेघा, मागून दाण्यांना चांदीचा डाग, म्हणजे चांदीचा क्षार काचेवर लावून भट्टीत भाजून आणलेला पिवळा रंग. त्यामुळे दाणादाणा वेगळा कापून शिशाच्या पट्टीने जोडायला नको. चौदाव्या शतकापासून कारागीर हेच करत आलेत. पण माझे एकाच शीटमधून कापलेले सहा तुकडे एकाच भट्टीतून निघाले, तर चार लिंबाच्या सालीसारखे आणि दोन काकवीसारखे तपकिरी!

आधी थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला. मग डागासाठी लागणारा चांदीचा क्षार, सिल्व्हर नायट्रेट, जुना झाला असेल म्हणून हुपरीची शुद्ध चांदी आणली आणि ओळखीच्या केमिस्ट्रीच्या सरांकडून नवा करून घेतला. क्षारात मिसळायचा गेरू पुन्हा वस्त्रगाळ केला. एकदा ५४० अंशांवर वीज गेली, तो दिवस पाण्यात. तरी दोन तुकडे काकवीच.

परवा ते टेबलावर मांडले तेव्हा दिसलं की दोन्ही तपकिरी कणसं डावीकडे झुकलेली. म्हणजे कापल्यावर मी उलटे केलेले तुकडे! फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगत बनते आणि खालच्या बाजूत थोडं कथील मुरतं. तेच कथील चांदीला जास्त जोरात ओढतं. खात्रीसाठी अतिनील दिवा लावला. नोटा तपासायचा इथे उपयोगी नाही, २५४ नॅनोमीटरचा लागतो, आणि अतिनील रोखणाऱ्या चष्म्याशिवाय त्याकडे बघूही नका. कथलाची बाजू दुधाळ चमकली. दुकानदार शीट कशीही उलटीपालटी रचतात, तेव्हा आता प्रत्येक शीटच्या कोपऱ्यावर घरी आल्याआल्या खूण करतो.

काल सगळे डाग हवेच्या, म्हणजे कथलाच्या उलट बाजूने दिले, ५९० अंश. थंड झाल्यावर ओल्या फडक्याने गेरूची खपली पुसली आणि खालून एकेक दाणा पिवळाधमक निघाला. सहाच्या सहा. बायकोला झोपेतून उठवून दाखवले.

हे लिहिता लिहिता सुचलं, काकवीचा रंग वाया का घालवायचा? कडब्याला तोच हवा! ताटं वेगळी कापून मुद्दाम कथलाच्या बाजूने डाग देतो. शिशाची एक रेघ वाढेल, पण ती कणसाच्या देठाशी लपेल. त्यासाठी खिडकीचं खऱ्या मापाचं चित्र पुन्हा काढावं लागेल, काढतो.

अक्षरांची पट्टी मात्र झाली. काचेवरच्या काळ्या रंगाचा थर वाळल्यावर बांबूच्या काडीने आधी शिरोरेखा खरवडली, मग ‘स्मरणार्थ’. रफार सगळ्यात अवघड, दोनदा पुसला. रंगात बाभळीचा डिंक घातलाय, पाकिटातल्या गोंदापेक्षा थर कितीतरी चिवट बसतो. ६५० अंशांवर भाजली, कड कुठेही उडाली नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांनी शिशाच्या पट्ट्या सरळ ओढून दिल्यात. कडब्याचे तुकडे रविवारी भट्टीत.