मिनिटाला ७२ ठोके

हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देणाऱ्याची जागा विंगेत. तिथे बसून नाटक तिरकं दिसतं, पण ऐकू छान येतं. आमच्या ग्रुपने अमेरिकी नाटककार यूजीन ओनीलच्या ‘द एम्परर जोन्स’चं वाचन ठरवलं तेव्हा मी संहिता चाळली आणि जरा टरकलोच. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी दूर डोंगरात ढोल सुरू होतो. लेखकाने आकडाच देऊन ठेवलाय, मिनिटाला ७२, म्हणजे धडधाकट माणसाची नाडी. पुढे लय वाढत जायची आणि नाटक संपेपर्यंत खंड पडायचा नाही.

ब्रूटस जोन्स हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय, पुलमन कंपनीच्या रेल्वे शयनडब्यांतला पोर्टर. फाशांच्या जुगारावरून जेफ नावाच्या माणसाचा खून, मग तुरुंगात पहारेकऱ्याचा. तिथून पळून वेस्ट इंडीजच्या एका बेटावर येतो आणि दोन वर्षांत सम्राट होऊन बसतो. रयतेला पिळतो, पैसा बाहेरदेशी पाठवतो, आणि ‘मला फक्त चांदीची गोळी मारू शकते’ अशी आवई स्वतःच उठवतो. छोटी चोरी केली की तुरुंग, मोठी केली की सिंहासन, हे त्याचं तत्त्वज्ञान. शिकला कुठे? डब्यातल्या बड्या गोऱ्यांच्या गप्पा दहा वर्षं ऐकून. इथपर्यंत माणूस पक्का लबाड, आणि मला मुळीच आवडत नाही.

मग बंड होतं आणि तो रात्री जंगलात शिरतो. पिस्तुलात सहा गोळ्या, पाच शिशाच्या, एक चांदीची. भासांवर एकेक करून गोळ्या वाया जातात. आधी नुसती बिनआकाराची भीती, मग जेफ, मग पहारेकरी. ही त्याचीच पापं आहेत, भोगू दे म्हणावं. पण पाचव्या प्रवेशात तो स्वतःच गुलामांच्या लिलावात उभा असतो आणि सहाव्यात गुलामांच्या जहाजात. हे त्याच्या आयुष्यात कधी घडलेलंच नाही. त्याच्या आज्या-पणज्यांचं भय त्याच्या वाट्याला आलंय. मला तिथे त्याच्याबद्दल वाईट वाटायला लागलं, आणि दोन खून मी विसरलेलो नव्हतो.

वाजवायला मी डफ घेतला. ढोलकी मुद्दाम टाळली. ढोलकी बोलायला लागली की आपल्याकडच्या प्रेक्षकाला फड आठवतो. खरी अडचण लय वाढवण्याची. भजनाची सवय असलेला हात थेट दुगुनीकडे, म्हणजे दुप्पट लयीकडे, धावतो आणि इथे तर कानाला पत्ता न लागता सरकायचं. मोबाइलमधला ठरल्या लयीत टकटकणारा मेट्रोनोम मांडीखाली ठेवून मी इंचाइंचाने वर गेलो. जोन्स वाचणारा आमचा मित्र वकील आहे. नंतर म्हणाला, “याला कुठलंही कोर्ट सोडणार नाही रे. पण तू वाजवत होतास तेव्हा मला वाटत होतं, सापडू नये.” माझ्या मते नाटकाची सगळी करामत यातच आहे. जोन्सची बाजू कुणी मांडतच नाही. फक्त त्याची नाडी आपल्या नाडीवर चढवली जाते.

तरी हे नाटक स्वतः धुतल्या तांदळासारखं नाही. आफ्रिका म्हटलं की जंगल, मांत्रिक, मगर, हा गोऱ्यांच्या डोक्यातला साचा सातव्या प्रवेशात जसाच्या तसा आहे. हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या प्रयोगात प्रेक्षकांनी जोन्सला ‘त्या जंगलातून बाहेर ये, परत हार्लेमला चल’ असं ओरडून सांगितल्याची आठवण कवी लँग्स्टन ह्यूजने लिहून ठेवलीय. मला ते प्रेक्षक आवडतात.

आणि कृष्णवर्णीय नट चार्ल्स गिल्पिन! १ नोव्हेंबर १९२० ला न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या छोट्याशा नाट्यगृहात जोन्स पहिल्यांदा उभा केला तो यानेच. नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर गेलं, गिल्पिन गाजला. संहितेत कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी पुन्हा पुन्हा येते. तो प्रयोगात ती बदलून सौम्य शब्द घालायचा. ओनील भडकला. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९२५ मध्ये लंडनला भूमिका मिळाली दुसऱ्या कृष्णवर्णीय नटाला, पॉल रॉब्सनला. रॉब्सन मोठाच, पण या भांडणात मी गिल्पिनच्या बाजूचा. जंगलात एकट्याने पळायचं त्याने, वर तोंडातल्या शब्दावरही हक्क नाही?

आता पूर्ण प्रयोग बसवायचं घाटतंय. सातव्या प्रवेशावरून आमच्यात जुंपलीय. दिग्दर्शिका म्हणते संहिता आहे तशी करू, लोकांना खटकू दे. मी म्हणतो मांत्रिक रंगमंचावर आणूच नका, फक्त डफ ठेवा, मगरीवर झाडायची ती चांदीची गोळी त्याला काळोखात झाडू द्या. वकील अजून कुणाच्याच बाजूला नाही.