टँकर आला, असं कागद म्हणतो

टंचाईच्या बातम्या करणाऱ्या कुणालाही टँकरचं गणित तोंडपाठ असतं. माणशी दिवसाला २० लिटर. बाराशे वस्तीचं गाव असेल तर २४ हजार लिटर, म्हणजे १२ हजारी टँकरच्या दोन खेपा. टँकर भरून आणायचा, गावच्या विहिरीत रिकामा करायचा आणि लॉगबुकात गाडीचा नंबर, वेळ लिहून गावातल्या माणसाची सही घ्यायची. त्या सहीवर ठेकेदाराचं बिल निघतं.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात कागदोपत्री फेब्रुवारीपासून रोज दोन खेपा पडत होत्या. गावातल्या बायका मात्र सांगत होत्या, आठवड्यातून दोनदा आला तरी नशीब. आला की विहिरीवर ही रेटारेटी. काठावर उभं राहून पोहरा ओढणाऱ्या पोरी बघितल्या की पोटात गोळा येतो. एवढ्यावरही बातमी झाली असती. पण दुसऱ्या दिवशी ‘पाणीपुरवठा नियमित सुरू आहे’ असा खुलासा आला असता आणि विषय तिथेच मिटला असता. असे खुलासे मी भरपूर पाहिलेत. लॉगबुकच हातात हवं होतं.

राज्य सरकारचा २०१८चा एक शासन निर्णय आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयातले अभिलेख नागरिकांना बघायला खुले ठेवायचे. लोकांनी तो वापरायला हवा, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या सोमवारी मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो, तर टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, “माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत कळवू.” मी शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवली. ते आत जाऊन साहेबांशी बोलून आले, कपाट उघडलं आणि लॉगबुक माझ्यासमोर ठेवलं.

वही उघडण्याआधीच शंका आली. टँकरच्या केबिनमध्ये तीन महिने राहिलेली वही कशी असते, ते मला माहीत आहे. ऑइलचे डाग, ओल्या बोटांनी फुगलेली पानं, कोपरे दुमडलेले, पेन दर चार दिवसांनी वेगळं. ही वही कोरी करकरीत. फेब्रुवारी ते एप्रिल एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने लिहिलेली. पाणी भरायची जागा गावापासून २२ किलोमीटर, मध्ये घाट. आणि नोंदी अशा: पहिली खेप सकाळी ९ वाजता, दुसरी ९.४० ला. सह्या आलटूनपालटून त्याच तिघांच्या. मी तारखा आणि नावं उतरवून घेतली, पानामागे दोन रुपये भरून झेरॉक्स घेतल्या. जीपीएसच्या नोंदी मागितल्यावर उत्तर मिळालं, “ते ठेकेदाराकडे असतं.” टँकरला जीपीएस सक्तीचं आहे ते खेपा तपासण्यासाठीच. ज्याच्या खेपा तपासायच्या, त्याच्याच घरी ती नोंद ठेवायची, ही कुठली रीत?

बाहेर येऊन टपरीवर गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकला. मोटारसायकल निघाली. १९९६ मध्ये चाईबासाच्या कोषागारापासून उघड झालेल्या बिहारच्या चारा घोटाळ्यातही जनावरं वाहिलेल्या गाड्यांचे म्हणून दिलेले नंबर स्कूटरचे निघाले होते. एवढी वर्षं गेली, तरी सरकारी बिल मंजूर करताना गाडीचा नंबर कुणी तपासून बघत नाही, याचा मला संताप येतो. पण नंबरावर भिस्त ठेवून चालत नाही. ‘लिहिताना चूक झाली’ म्हणून हात झटकता येतात. सह्या करणारी माणसं तशी झटकता येत नाहीत. म्हणून तसाच गावात गेलो.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. रोजगाराची हजेरीपत्रकं गावासमोर मोठ्याने वाचायची, एवढीच पद्धत, आणि माहिती अधिकाराची चळवळ तिथून उभी राहिली. मीही पारावर बसून झेरॉक्स वाचायला लागलो. तारीख, वेळ, नाव. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मागे उभे असलेले एक गृहस्थ पुढे आले. “ते नाव परत वाचा बरं.” मी वाचलं. “आवो, म्या तर तवा फडात व्हतो. बेळगावाकडं. बायको, पोरं समदे.” ते घरी गेले आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत ऊसतोडीच्या काटापावत्या, एकेक जपून ठेवलेली, मुकादमाशी हिशेब करताना वाद नको म्हणून. प्रत्येकीवर कारखान्याची तारीख, गाडी नंबर, वजन. लॉगबुकात ज्या दिवशी त्यांनी गावात टँकर उतरवून घेतल्याची सही होती, त्या दिवसाचीही पावती निघाली. पाराभोवती एकदम कालवा उठला. बायका तर मला पुढचं वाचूच देईनात.

दुसऱ्या नावाचा माणूस गावात नव्हता. तिसरा खाली मान घालून बसला होता. अंधार पडल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, सह्या त्याच्याच, एका बैठकीत केलेल्या. घरकुलाचा हप्ता अडकलाय, नाही कसं म्हणणार? त्याचं नाव मी बातमीत घेतलं नाही, पुढेही घेणार नाही. हप्त्यासाठी झुकलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणून बिल काढणारे मोकळे सुटणार असतील, तर ती बातमी कसली?

रात्री अधिकाऱ्यांना फोन करून बाजू विचारली. “चौकशी करू.” ते जसंच्या तसं छापलं. त्याआधी एक अनोळखी फोन आला होता: “घरी लेकरंबाळं आहेत ना?” राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे आठवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केलाय; रात्री साडेअकराला घरचे दार लावत असताना त्याचा फारसा आधार वाटत नाही. संपादकांना फोनचं सांगितलं, नंबर पोलिसांत दिला. बातमी पहिल्या पानावर गेली.

बिल रोखलं गेलं. एका कंत्राटी कर्मचाऱ्याला नोटीस निघाली, मंजुरीची सही करणाऱ्या कुणालाही नाही. टँकर मात्र दिवसातून दोनदा यायला लागला, पाऊस पडेपर्यंत.

मग शेजारच्या गावांच्या लॉगबुकांसाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: सह्या असलेली पानं देता येणार नाहीत, ती वैयक्तिक माहिती आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं, त्याचा हा आधार. नावं झाकून दिलेल्या लॉगबुकात खरं-खोटं कसं शोधायचं? ज्यांच्या नावाने खोट्या सह्या झाल्या, त्यांनी गोपनीयता मागितलेली नाही. ती सोयीची आहे ती सह्या ठोकणाऱ्यांना. सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची तरतूद, कलम ८(२), कायद्यात अजून आहे. त्यावर बोट ठेवून पहिलं अपील दाखल केलंय, सोबत काटापावत्यांच्या प्रती जोडल्यात. पावत्यांचे मालक सुनावणीला यायला तयार आहेत. फक्त दिवाळीच्या आत तारीख लावा म्हणतात, नंतर ऊसतोडीला टोळी निघते.